बुधवारी खाली उतरायचं आहे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, उभ्याउभ्याच मानून घ्यावा.)

तुझे गुडघे काय म्हणतात? मेव्हण्यांचा खोकला गेला, की अजून ते माणसाला हाक मारण्याऐवजी खोकूनच बोलावतात? इकडे सगळं उत्तम आहे. काळजीचं काहीही कारण नाही. आता काळजीचं कारण नाही असं वाचलं की तू लगेच पिशवी भरायला घेतेस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, येऊ नकोस. मागच्या खेपेला आली होतीस तेव्हा माझी हत्यारं तू उंचीप्रमाणे लावून ठेवली होतीस. माझा मोठा पाना तेव्हापासून बेपत्ता आहे. (सापडला होता. पिठाच्या डब्यात.) माझी तब्येत ठणठणीत आहे, भूक लागते, झोप लागते (एकही खरं नाही), आणि घर मी एकट्याने व्यवस्थित सांभाळतो आहे.

एकट्याने का, असं तू विचारशीलच. तर झालं असं की तुझ्या भावजयीचा पाय मोडला. घाबरू नकोस, मोडून आता बरेच दिवस झाले, शिळी बातमी आहे. स्वयंपाकघरात कबूतर शिरलं होतं. त्याला हाकलायला ही स्टुलावर चढली. कबूतर खिडकीतून गेलं आणि ही स्टुलावरून. मी घरातच होतो, आवाज ऐकल्याबरोबर हातातलं टाकून धावलो. (कबूतराच्या मागे.) मग हॉस्पिटल, मग मांडीपर्यंत प्लास्टर, मग दोन दांडगे वॉर्डबॉय हिला स्ट्रेचरवरून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले, पलंगावर ठेवली आणि गेले. वर कसं न्यायचं हे त्यांना माहीत होतं. खाली कसं आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. सामान पोचतं केल्यासारखे गेले ते गेलेच.

आता येत्या बुधवारी प्लास्टर कापायचं आहे, आणि त्याच दिवसापासून पायाचे व्यायाम सुरू करायचे आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, तारीख चुकवू नका, गुडघा एकदा आखडला की मग माझ्याही हातात काही राहत नाही. म्हणजे बुधवारी ही खाली उतरली नाही तर जन्मभर तो पाय काठीसारखा ताठ राहणार. ही बाई, ताई, जी घरात चालत नाही, पळते! मी अ‍ॅम्बुलन्सवाल्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, पेशंट सीरियस आहे का. मी म्हणालो, नाही, चांगली आहे, मघाशीच मला रागावली. ते म्हणाले, मग आम्हाला नाही येता येत.

तू म्हणशील, अरे, लिफ्टच्या लोखंडी मोटारी खांद्यावरून नेलेला माणूस तू, बायकोला उचल आणि चल. उचललीच असती. पण जिना अरुंद आहे. (जिना होता तेवढाच आहे.) शिवाय तुला माहीत आहे, माझा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. लोक हसतात, म्हणतात, लिफ्टवाले तुम्ही आणि राहता बिनलिफ्टच्या घरात. हसू देत बापडे. पण लिफ्टचं कसं असतं, दोर तुटला तरी दोन्ही बाजूंचे ब्रेक रुळांना आवळतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. तरीसुद्धा मी नव्या लिफ्टमध्ये आधी वजनं चढवून पाहिल्याशिवाय माणूस चढू दिला नाही, भले मालकाची किती का घाई असेना. जिन्याला ब्रेक कुठे आहे? आपला हात सुटला की सुटला. मी गेले कित्येक दिवस पायऱ्यांकडे नुसता बघतो आणि परत घरात येतो.

शेजाऱ्यांना विचारायचं, तर खालच्या मजल्यावर गाण्याचे मास्तर आहेत. त्यांना विचारायचं म्हणून मी जिन्यात गाठलं, पण तोंड उघडल्यावर बाहेर आलं ते, आज उकाडा फार आहे नाही. दुसऱ्यांदा गाठलं तेव्हाही उकाडाच निघाला. आता ते मला बघितलं की आपणहून म्हणतात, हो हो, फार आहे. आणि हिचा स्वभाव तू जाणतेसच, आपल्यापायी कुणाला तोशीस नको. म्हणून मी ठरवलं की हिला पत्ता लागू न देता सरकारी म्हणा, सार्वजनिक म्हणा, जी काही मदत मिळत असेल ती आपणच शोधून काढायची. भाजीच्या नावाने आधीही दोनतीनदा बाहेर पडून रिकामा परत आलो होतो, या खेपेला पुन्हा भाजी आणायला जातो असं सांगितलं आणि निघालो. (तीन तास. भाजी आणली नाही.)

आधी वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. तिथे खिडक्याच खिडक्या. पहिल्या खिडकीतल्या माणसाला म्हणालो, मदत हवी आहे. तो म्हणाला, कसली? आता कसली हे काय ओरडून सांगायचं? मागे ही मोठी रांग आणि रांगेतला प्रत्येक कान माझ्याकडे वळलेला. मी म्हणालो, एका ओळखीच्या गृहस्थांसाठी हवी आहे. तो म्हणाला, मग त्या गृहस्थांना पाठवा. मी म्हणालो, त्यांना लाज वाटते. तो म्हणाला, लाजेसाठी आमच्याकडे खिडकी नाही. पुढच्या खिडकीवर भटक्या कुत्र्यांच्या तक्रारी घेत होते, पण तिथली मुलगी मनाने चांगली निघाली. तिने माझा चेहरा बघितला आणि एका कागदाच्या कपट्यावर हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. म्हणाली, काका, इथे मनमोकळं बोला.

मी समोरच्या बागेत बाकावर बसून नंबर फिरवला. फोनवरची बाई इतक्या मायेने बोलली की मला वाटलं नात्यातलीच असावी. तिने विचारलं, आपण खोल खड्ड्यात आहोत असं वाटतं का? मी म्हणालो, नाही हो, उलट आहे, तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि खाली कसं जायचं या विचारात आहे. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, आधी खिडकीपासून लांब व्हा. मी बागेत होतो, तरी थोडा सरकलो. मग तिने मला दीर्घ श्वास घ्यायला लावले. शेजारी बसलेले आजोबाही माझ्याबरोबर घेऊ लागले. सगळा घोळ निस्तरायला बराच वेळ गेला, पण निस्तरल्यावर तिनेच वस्तीच्या मदत केंद्राचा पत्ता दिला आणि फोन ठेवताना, जेवून घ्या हं, म्हणाली. ताई, मला एकदम भरूनच आलं. तशी हल्ली मला कशानेही भरून येतं. (खरं आहे.)

हे मदत केंद्र वाचनालयाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे ज्यांना जिना चढता येत नाही त्यांना मदत करणारी माणसं जिना चढून वर बसलेली. लिफ्ट होती, पण दाराला सुतळी बांधून वर पाटी लावली होती, बंद आहे. आता माझी खोड तुला माहीत आहे. बंद लिफ्ट दिसली की मी दाराला कान लावतो. चालू दिसली तरी लावतो. तसा लावला, सुतळी सोडून दार जरा पुढेमागे करून पाहिलं, तेवढ्यात वॉचमन मागून ओरडला, आलात का एकदाचे! आणि जिन्याकडे तोंड करून त्याने हाळी दिली, बाई, लिफ्टवाले आले!

वरून केंद्राच्या बाई धावत खाली आल्या. ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं असं की समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करतात. म्हणाल्या, किती महिने वाट बघतेय, द्यायला आमच्याकडे काही नाही, सेवा म्हणून कराल ना? मी सांगणार होतो की बाई, मी द्यायला नाही, मागायला आलोय. शपथेवर सांगतो, वाक्य ओठांवर होतं. पण त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, ताई, की हा कामाचा माणूस आहे. माझ्याकडे असं कुणी पाहिल्याला किती काळ लोटला. मी म्हणालो, हो. पुढच्याच मिनिटाला माझ्या सदऱ्यावर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लागला. मदत शोधायला गेलेला मी, स्वतःच मदत होऊन बसलो.

आणि वर गेलो तर काय, कोपऱ्यात ती खुर्ची! पट्टे असलेली, पुढेमागे धरायला दांडे असलेली, माणसाला बसवून जिन्यावरून उतरवायची खुर्ची. मला हवी होती अगदी तीच. माझा सगळा जीव तिच्यात अडकला. मी तिच्या भोवती दोन चकरा मारल्या, दांडे ओढून पाहिले, बाई म्हणाल्या, छान आहे ना? मी म्हणालो, छान आहे. आणि गप्प बसलो. तुझा भाऊ म्हणजे असा आहे.

लिफ्टमध्ये फार काही झालं नव्हतं, दाराच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे दार लागलं की वीज जोडणाऱ्या पट्टीवर, काळं धरलं होतं, घासून काढलं की झालं. मी स्वतःच घासलं असतं, पण चष्मा घरी राहिला होता. (खिशात होता.) म्हणून बाईंनी मदतीला दुसरा स्वयंसेवक दिला, निवृत्त बस कंडक्टर. अंगाने कपाटाएवढा, आणि समोर एकटा माणूस असला तरी त्याला पुढे सरका म्हणणारा. मी सांगत गेलो, तो घासत गेला. लिफ्ट सुरू झाली! मी म्हणतोय, थांबा, आधी वजनं चढवून बघू या, पण ऐकतं कोण? बाई आनंदाने आत शिरल्या, त्यांनी मला ओढलं, मागून कंडक्टर आला, दार लागलं, लिफ्ट वर निघाली आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

वॉचमनला ओरडून सांगितलं, गच्चीवरच्या खोलीत जा, तिथलं चाक हाताने फिरव. तो निघाला, पण त्याची चाल तू बघायला हवी होतीस. आत आम्ही तिघं, कंडक्टरमुळे पाच. बाईंना वेळ वाया गेलेला खपत नाही. म्हणाल्या, अनायासे सगळे जमलोय तर बुधवारचं काम सांगून टाकते. काल एका बाईंचा फोन आला होता, पाय प्लास्टरमध्ये आहे, घर तिसऱ्या मजल्यावर, बुधवारी खाली उतरायचंय. मी मनात म्हटलं, बघा, जगात आपल्यासारखी किती माणसं असतात. बाई म्हणाल्या, नवरा आहे घरात, पण भारी मानी, कुणाकडे शब्द टाकणार नाही. मी म्हणालो, असतात असे. बाई म्हणाल्या, भाजीला जातो म्हणून बाहेर पडतो आणि तासन्‌तासांनी हात हलवत परत येतो. मी म्हणालो, बायको अंथरुणात आणि हा गावभर भटकतो? अशा माणसाला दोन शब्द सुनावले पाहिजेत. कंडक्टर म्हणाला, चार. मी म्हणालो, चार. बाई म्हणाल्या, अहो, कबूतराला हाकलताना ती पडली, तर हा धावला कुठे, कबूतरामागे. इथे माझ्या पायाखाली काहीतरी हललं. मला वाटलं लिफ्ट हलली. लिफ्ट कुठली हलतेय!

पुढचं मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, पण लिफ्टमधून कुठे जाणार? बाई सांगत होत्या, ती बिचारी फोनवर म्हणाली, आमच्या ह्यांचे हात थरथरतात. ते खिशात घालून फिरतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही. मला खाली न्यायला माणसं पाठवा, पण अशी पाठवा की ह्यांना वाटावं, उचललं ते ह्यांनीच.

ताई, माझे दोन्ही हात त्या वेळी खिशात होते. मी ते काढूही शकत नव्हतो. कंडक्टरने माझ्या खिशांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे बघत राहिला. जन्मभर माणसं ओळखलेला माणूस तो. वर कुठेतरी वॉचमनने चाक फिरवायला घेतलं आणि आम्ही इंच इंच करत दुसऱ्या मजल्याला लागलो. दार उघडल्यावर कंडक्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फक्त म्हणाला, पुढे सरका.

तर आता लिहूनच टाकतो. हो, थरथरतात. गेले काही महिने. सदऱ्याची गुंडी लागत नाही, किल्ली भोकात जात नाही, आणि जिना अरुंद नाही, मला भीती वाटते. माझ्या हातून ही सुटेल याची भीती वाटते. दुसरं काहीही सुटलं तर चालेल. डॉक्टरला दाखवलेलं नाही, कारण दाखवलं की तो काहीतरी सांगणार. (बुधवारी दोघांनाही दाखवायचं, वेळ घेतली आहे.) आणखी एक. कित्येक दिवस ही मला चहा अर्धाच कप द्यायची. मला वाटायचं दूध महागलं असेल. मी आपला समजूतदारपणे गप्प. आता डोक्यात प्रकाश पडला की भरलेला कप सांडतो म्हणून. (सांडला तरी चालतो.)

कंडक्टर मला घरापर्यंत सोडायला आला. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून त्याने पायऱ्या नजरेने मोजल्या आणि म्हणाला, पुढून मी धरतो, मागून माझा जोडीदार, तुम्ही बाजूने दांड्याला हात लावा आणि मोठ्याने सांगत राहा, हळू, सांभाळून. वजनाचं आम्ही बघतो. मी म्हणालो, पण मग मला कळणार ना, की मी उचललेलं नाही. तो म्हणाला, तुम्हाला वाटावं अशी वहिनींची इच्छा आहे ना? मग वाटून घ्या. तेव्हा बुधवारी मला तसं वाटणार आहे. मी तालीमही सुरू केली आहे. खुर्ची केंद्राने आजच पोचवली. तांदळाची गोणी खुर्चीत बांधून, खालच्या मास्तरांना पुढे घालून, आज एक मजला उतरवून पाहिली. मास्तरांना मी शेवटी विचारलं. ते म्हणाले, अहो, एवढंच होय, मला वाटलं तुम्हाला उकाड्याचा काही आजार आहे. गोणी सुखरूप उतरली. (एके ठिकाणी आपटली. तांदूळ निवडायला इकडे आला आहे.)

असो. पत्र फार लांबलं. एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण इतकंच की तू कुणाकडून काहीबाही ऐकशील आणि जीव टांगणीला लावून बसशील. इकडची सगळी व्यवस्था चोख आहे. केंद्र आहे, कंडक्टर आहे, मास्तर आहेत, मी आहे. तू मुळीच येऊ नकोस. गुडघ्यांना जप. मेव्हण्यांना नमस्कार सांग आणि म्हणावं, खोकल्याचं औषध घ्या, हाक मारायला तोंड दिलंय देवाने.

तुझा धाकटा

ता. क. : तू मंगळवारी ये. सहज आल्यासारखी ये, इकडून चालले होते म्हटलं डोकावून जावं, असं काहीतरी म्हण. मी बोलावलं हे तिला कळू देऊ नकोस. कारण सांगतो. ही घाबरली की बोलत नाही, डोळे मिटते आणि जवळ असेल त्याचा हात घट्ट धरते. बुधवारी जिन्यावर तिने हात धरला तर तो न थरथरणारा असावा. तुझा हात दगडासारखा आहे, लहानपणापासून माझ्या पाठीला माहीत आहे. फक्त तेवढ्यासाठी ये. ताई, मला फार भीती वाटते आहे गं.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. अक्षर माझं आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. चष्मा सापडत नाही म्हणून ह्यांनी तोंडाने सांगितलं आणि मी पलंगावर बसून लिहिलं. चष्मा कपाळावर आहे. कंसातलं तेवढं माझं, बाकी सगळं त्यांचं. 'तिला कळू देऊ नकोस' हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, मीही मान वर न करता लिहून घेतलं. समोरासमोर यातलं एक अक्षर ते मला बोलले नसते. तुम्ही मंगळवारी सहज या, मला काही माहीत नाही. पण जिन्यावर हात मी ह्यांचाच धरणार. खुर्चीला त्या हाताची गरज नाही, मला आहे. थरथरला तर थरथरला, तुम्ही ह्यांचा दुसरा धरा. आणि आल्याआल्या तो चष्मा कपाळावर आहे असं बोलून जाऊ नका. सापडला की ते पत्र स्वतः लिहायला बसतील, आणि मग मला काहीच कळायचं नाही.